पुण्याहून भीमाशंकरचं जंगल: एका दिवसाची सहल कशी आखावी

पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं खरंखुरं जंगल कुठलं, असं कुणी विचारलं की मी भीमाशंकर सांगतो. त्यावर समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: "ते तर देवस्थान ना?" आहेच. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. पण देवळाच्या भोवती १३०.७८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झालं आणि पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलेलं आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण वाहनतळावर गाडी लावतात, पायऱ्या उतरतात, दर्शन घेतात, भजी खातात आणि परत फिरतात. जंगल त्यांना दिसतं ते गाडीच्या काचेतून, तेही झोप लागली नसेल तर.

हा लेख पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत तिकडे जाणाऱ्यांसाठी आहे. बेत आखायची माझी पद्धत एकच: उलटीकडून सुरुवात. जंगलात पायी घालवायचे तीन-चार तास आधी राखून ठेवायचे आणि प्रवास, न्याहारी, दर्शन, जेवण हे सगळं त्यांच्याभोवती बसवायचं. हे केलं नाही तर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. सातला निघायचं ठरतं, साडेआठला शेवटचा गडी गाडीत बसतो, चाकणला कोंडी, मंचरला मिसळ, आणि पोचेपर्यंत दीड वाजतो.

दिवस कुठला?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचा काळ. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं, हवा गार असते. मार्चनंतर दुपार भाजते, पण सकाळी लवकर पोचणाऱ्याला तेही जमतं, आणि मे महिन्यात वाटेवर करवंदं मिळतात.

पावसाळ्याबद्दल मात्र माझं मत सरळ आहे: पहिली खेप पावसात करू नका. फोटोत ते हिरवंगार धुकं फार सुरेख दिसतं. तेच धुकं घाटात काचेसमोर आलं की दहा फुटांपलीकडचं काही दिसत नाही, आणि जंगलात शिरल्यावर झाडाचा बुंधा दिसतो, शेंडा नाही. एकदा रस्ता ओळखीचा झाला की खुशाल जा.

वार निवडताना सोमवार टाळा, शनिवार-रविवार जमलं तर टाळाच. श्रावण महिना, महाशिवरात्र आणि त्रिपुरारी पौर्णिमा या दिवसांत तर जंगल पाहायला जाऊच नये. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या अलीकडेच, निगडाळे भागातल्या वाहनतळांवर अडवतात आणि पुढे एसटीच्या गाड्यांनी नेतात. म्हणजे तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे मधला कुठलाही कामाचा वार. एक रजा टाकावी लागते, पण तीन तासांची कोंडी वाचते.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक चौकशी मात्र करा: दरड पडून रस्ता बंद नाही ना, देवस्थानात कामं चालू असल्यामुळे प्रवेश बंद नाही ना, जंगलातल्या वाटांवर वनखात्याने बंदी घातलेली नाही ना. वनविभागाचा '१९२६' हा मदत क्रमांक आहे. तिथे विचारता येतं. तळेघर-भीमाशंकरच्या एखाद्या खाणावळीचा नंबर शोधून फोन केलात तर खरी बातमी मिळते आणि जेवणही सांगून होतं.

घड्याळाचं गणित

डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास. घाटरस्ता उजेडात उतरून व्हायला हवा, ही पहिली अट. भीमाशंकर ते मंचर साधारण ६५ किलोमीटर, आणि वळणांमुळे त्याला दोन तास सहज लागतात. म्हणजे हिवाळ्यात साडेतीनला गाडी हललीच पाहिजे.

आता तिथून मागे या. अडीच ते साडेतीन जेवण. त्याआधी दर्शन आणि पायऱ्या चढून येणं यांना मिळून दीड तास. त्याआधी जंगल, म्हणजे साधारण नऊ ते एक. पुण्यातून भीमाशंकर मंचरमार्गे १२५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि एक थांबा धरून साडेतीन तास लागतात. मग निघायचं किती वाजता? पाच. 'पाच-सव्वापाच' नव्हे. पाचला निघालेल्या गाडीला चाकण मोकळं मिळतं. सहा-साडेसहाला तिथे कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झालेल्या असतात आणि आंबेठाण चौक, तळेगाव चौक ओलांडायलाच अर्धा तास जातो.

पाचला निघायचं असेल तर दोन गोष्टी रात्रीच करा. डबे-पिशव्या-पाणी गाडीत भरून ठेवा. आणि सगळ्यांना एकेकाच्या दारातून उचलत बसू नका. एकच जागा ठरवा, नाशिक फाटा म्हणा किंवा भोसरी, आणि तिथे सगळ्यांना या म्हणा. चार घरं फिरण्यात जाणारा पाऊण तास हा जंगलातल्या वेळेतून वजा होतो.

रस्ता

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही राजगुरुनगरपर्यंत एकच: भोसरी, मोशी, चाकण, मग राजगुरुनगर. गावाला लोक अजून खेडच म्हणतात. पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

पहिला रस्ता खेडहून नाशिक महामार्गानेच पुढे मंचरला जातो. मंचरला डावीकडे वळायचं, मग घोडेगाव, शिनोली, डिंभे, तळेघर आणि भीमाशंकर. दुसरा खेडहूनच डावीकडे फुटतो: चास, वाडा आणि पुढे तळेघर. हा अंतराने कमी आहे, आणि चासकमान धरणाच्या पाण्याकडेने जातो म्हणून देखणाही. पण अरुंद आहे, वळणं जास्त आहेत, पावसाळ्यानंतर खड्ड्यांचा भरवसा नाही. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला हमखास याच रस्त्यावर घालेल, कारण त्याला किलोमीटर कळतात, खड्डे कळत नाहीत. नवख्याने जाताना मंचरचा रस्ता धरावा. येताना उजेड भरपूर शिल्लक असेल आणि चालवणारा ताजातवाना असेल तर वाड्याकडून या.

मंचर सोडण्याआधी टाकी भरून घ्या. तिथेच रोख पैसेही काढा. पुढे नेटवर्क येतं-जातं, आणि फोनवरून पैसे पाठवताना चाक फिरत बसलं की खाणावळवाली मावशी आणि तुम्ही एकमेकांकडे बघत राहता. नकाशाचा तेवढा भाग आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. नावाचं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. डिंभ्यापासून रस्ता चढायला लागतो आणि उजव्या हाताला घोड नदीचं अडवलेलं पाणी दिसत राहतं. फोटोचा मोह इथे सगळ्यांना होतो. थांबायचं तर रुंद जागा बघून, गाडी पूर्ण डांबराच्या बाहेर घेऊन थांबा, वळणावर नाही.

गाडी

आदल्या आठवड्यात गॅरेजवाल्याकडे एक चक्कर टाका आणि त्याला 'घाटात जायचंय' एवढंच सांगा. तो काय बघायचं ते बघतो: ब्रेक, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर, वायपर. स्टेपनीतली हवा मात्र तुम्ही स्वतः समोर उभं राहून तपासून घ्या, कारण ती सगळेच विसरतात. जॅक आणि पाना गाडीत आहे का, आणि तो लावता येतो का, हे सोसायटीच्या वाहनतळात एकदा करून पाहा. लायसन, विमा, पीयूसी फोनमध्ये असतील तरी चालतं, पण नेटवर्क नसताना उघडतील अशा पद्धतीने ठेवा.

घाट चढताना नवख्यांची फारशी अडचण होत नाही. उतरताना होते. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळक्या रबरासारखा वास येतो आणि पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागतो. यावर उपाय सोपा आहे. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरा. इंजिनच गाडीला मागे धरतं आणि ब्रेक अधूनमधून, थोडा-थोडा मारायचा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायचा उद्योग घाटात करू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालच्या गिअरची सोय कुठे आहे ते आधी शिकून घ्या. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गाडी गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

अरुंद जागी समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपली बाजू सोडू नका. एसटीचा ड्रायव्हर हा रस्ता रोज करतो. तो मागे आला की निमूट बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्या, आणि जमलं तर अंतर ठेवून त्याच्याच मागे चला. धुकं असेल तर दिवे डिपरवर, वेग कमी. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून ठेवायची जी फॅशन आली आहे तिच्यामुळे मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय हेच कळत नाही.

गाडी लागणारं कुणी असेल तर त्याला पुढे बसवा, मंचरला तेलकट खाऊ देऊ नका आणि आलेपाक किंवा आवळासुपारी हाताशी ठेवा. औषध घ्यायचं तर ते निघण्याआधी. डिंभ्याच्या पुढे घेऊन उपयोग नाही.

डबा आणि पिशवी

न्याहारी घरूनच न्या. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, केळी. गाडी थांबवून पंधरा मिनिटांत खाऊन होतं. हॉटेलात सहा जणांच्या सहा ऑर्डरी आल्या की पाऊण तास गेलाच. दुपारचं जेवण मात्र तिथलंच घ्या. तळेघर ते भीमाशंकर पट्ट्यात घरगुती पिठलं-भाकरी मिळते. जाताना थांबून किती माणसं, किती वाजता, तिखट किती, एवढं सांगून जायचं. आयत्या वेळी भाकऱ्या थापायला सांगितलं की भूक आणि घड्याळ दोन्ही हाताबाहेर जातात.

पाणी माणशी दोन लिटर. पायात खाच असलेल्या तळव्याचे बूट, कारण वाटेवर मुळं वर आलेली असतात आणि सकाळी ती ओली असतात. कपडे खाकी, राखाडी, मळकट हिरवे. पांढरा शर्ट आणि अत्तर दुसऱ्या सहलीसाठी ठेवा. हलकं जर्किन, टॉर्च, प्रथमोपचाराचं साहित्य, घरातली नेहमीची औषधं. दुर्बीण असेल तर न्याच. नसेल तर एखाद्या मित्राकडून आणा, ती या सहलीत कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येते. ब्लूटूथ स्पीकर घरी. ड्रोनही घरी. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी आणि परत पुण्यापर्यंत ती आणायची तयारी.

पोचल्यावर

नाक्यावर काही शुल्क असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा. वाहनतळावर गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा, परत निघताना गर्दीत गाडी वळवायची कसरत नको. काचा पूर्ण बंद करा. माकडं सराईत आहेत. पायऱ्यांवर प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवली तर ती तुमची राहिलीच असं नाही. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये.

आता खरा वाद: आधी देव की आधी जंगल? जंगल, कारण प्राणी-पक्षी सकाळी हालचाल करतात आणि दुपारी गप्प बसतात, देव मात्र दुपारीही तिथेच असतो. पण घरातल्या मोठ्यांना हे पटत नाही, आणि त्यांच्याशी सकाळी नऊला हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मग सरळ दोन गट करा. दर्शनवाले रांगेत, जंगलवाले वाटेवर, आणि भेटायची जागा व वेळ आधी ठरवलेली, कारण फोन लागेलच असं नाही. देऊळ खाली खोलात आहे आणि पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात, हे मोठ्यांना आधीच सांगा. देवळाजवळची मोठी घंटा बघायला विसरू नका. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक, असं सांगतात.

नवख्यांनी चालायची वाट म्हणजे जंगलातल्या 'गुप्त भीमाशंकर' या ठिकाणाची. देवळाच्या परिसरातूनच ती निघते, वाटेत साक्षी विनायक लागतो, आणि सगळी चाल दाट झाडीतून होते. फार चढ नाही. पाऊण तासात माणूस पोचतो, पण तुम्ही दोन तास लावा. मुद्दाम सांगतोय. दहा पावलं चाला, थांबा, वर बघा. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, पिसा ही झाडं ओळखायला घ्या. एवढी ओळखू आली तरी पहिल्या खेपेला पुष्कळ झालं.

वर का बघायचं? शेकरूसाठी, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीसाठी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सबंध आयुष्य झाडावरच काढतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो तीन फूट भरतो. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकं, आणि शेपूट अशी झुपकेदार की लांबून आधी तीच दिसते. त्याला शोधण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, घरटी: उंच झाडाच्या टोकाकडच्या बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचे गोल गठ्ठे. एकेका शेकरूची अशी बरीच घरटी असतात, म्हणून घरटं दिसलं म्हणजे आत तो आहेच असं नाही, पण त्याचा इलाखा आहे हे नक्की. दुसरी खूण कानाला: वरून टप्-टप् करत अर्धवट कुरतडलेली फळं आणि साली पडायला लागल्या की जागेवरच थांबा. तिसरी म्हणजे त्याची हाक, खडखडल्यासारखी, एकामागून एक येणारी. ती ऐकू आली की बोट दाखवून ओरडू नका. झाडाच्या बुंध्याला टेकून दहा मिनिटं स्वस्थ उभे राहा. तुम्ही हलला नाहीत तर तो पुन्हा खायला लागतो, मागच्या पायांवर फांदीला लटकून, पुढच्या दोन पायांत फळ धरून. मग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतो. वीस फुटांचं अंतर तो सहज तोडतो.

त्याला बिस्कीट, शेंगदाणे काही देऊ नका. माकडांनाही नाही.

गुप्त भीमाशंकर करून वेळ उरला तर कोकणकड्याकडे जाऊन या. वाहनतळापासून ते जवळ आहे. तिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कर्जतकडचं कोकण पसरलेलं दिसतं. कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढण्यासारखी ही जागा नाही, वारा जोराचा असतो. नागफणीची चढण दमवणारी आहे, ती पुढच्या खेपेला. आणि खाली कोकणातल्या खांडस गावाहून शिडी घाटाने चढून येणारे लोक भेटले, तर त्यांचं कौतुक करा, पण 'आपण इथून थोडं उतरून बघू' असं म्हणू नका. ती वाट अवघड आहे आणि परत वर यायला तुमच्याकडे वेळ नाही.

मळलेली वाट सोडायची नाही, हा इथला मुख्य नियम. धुकं अचानक उतरतं आणि सगळी झाडं सारखी दिसायला लागतात. वाट चुकल्यासारखं वाटलं तर पुढे जाऊ नका. शेवटची ओळखीची खूण जिथे होती तिथपर्यंत मागे या. आणखी आत शिरायचं असेल तर गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. महादेव कोळी समाजाची ही गावं पिढ्यान्पिढ्या या जंगलात राहतात. उन्हाळ्यात गेलात तर अंगणांत बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला दिसेल. तो काळा, सुरकुतलेला माल या भागातल्या घरांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा असतो. त्यावरून चालू नका आणि गाडी तर अजिबात नेऊ नका.

पावसाळ्यात रात्री चमकणाऱ्या बुरशीची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. ती इथली आहे हे खरं. पण एका दिवसाच्या सहलीत ती बसत नाही, आणि रात्री परवानगीशिवाय अभयारण्यात फिरणं बेकायदा आहे. तो नाद आत्ता सोडा.

परत

साडेतीनला गाडी. चालवणाऱ्याने जेवताना हात आखडता घ्यावा. पिठलं-भाकरीवर ताक झालं की डिंभ्याच्या वळणांवर डोळे मिटायला लागतात. दोन चालवणारे असतील तर उतार ताज्याने घ्यावा. मंचरला चहा घ्या आणि घरी एक फोन करून घाट उतरल्याचं कळवा. घाटात काही घडलंच तर ११२.

मंचर ते पुणे हा ६० किलोमीटरचा टप्पा संध्याकाळी दोन तासांनाही आवरत नाही. चाकणला सहा-सातच्या दरम्यान शिफ्ट सुटलेली असते आणि सुटीचा दिवस असेल तर नाशिक-शिर्डीकडून परतणाऱ्या गाड्यांची भर. खेड सोडण्याआधी नकाशावर चाकण किती लाल आहे ते बघा. फारच लाल असेल तर खेडलाच थांबून रात्रीचं जेवण उरकून घ्या, नऊनंतर रस्ता सैल होतो. त्या वेळात मागच्या सीटखालची कचऱ्याची पिशवी बांधून घ्या, आणि उतरलेल्या प्रत्येकाची दुर्बीण, टोपी, चार्जर गाडीत राहिलेला नाही हे बघा. नाही तर पुढचा आठवडा त्या वस्तू घरोघर पोचवण्यात जातो.